दूध डेअरीला, बाटली लेकराला

अहिल्यानगर जिल्ह्याची ओळख दूध आणि साखर या दोन गोष्टींनी घडली. 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. संगमनेर, राहाता, अकोले, राहुरी या पट्ट्यात आजही पहाटे आणि संध्याकाळी संकलन केंद्राकडे दुधाचे कॅन निघालेले दिसतात. याच गावांत शाळा सुटली की मुलांच्या हातात वीस रुपयांची लाल बाटली दिसते. ‘एनर्जी ड्रिंक’ म्हणून विकलं जाणारं हे पेय आता पाचवी-सहावीच्या मुलांपर्यंत पोचलं आहे.

जुलै 2024 मध्ये हा विषय विधान परिषदेत आला. नाशिक पदवीधर मतदारसंघाचे आमदार सत्यजीत तांबे यांनी तो लावून धरला आणि तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळेपासून 500 मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या पेयांची विक्री बंद करण्याचा आदेश काढू, असं सभागृहात सांगितलं. बंदीनं हा प्रश्न सुटेल का, यावर गावोगावी दोन मतं आहेत. ती दोन्ही मतं एकाच घरात नांदतात असं धरून हा संवाद लिहिला आहे. वहिनी गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतात. धाकट्या दिराचं शाळेसमोर किराणा दुकान आहे आणि गोठ्यात चार गायी आहेत. असं घर या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात सापडेल, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत.

वहिनी : भाऊजी, आज स्पष्टच बोलते. नववीतला एक मुलगा पहिल्याच तासाला बाकावर मान टाकतो. विचारलं तर म्हणतो, रात्री एकपर्यंत झोपच येत नाही. संध्याकाळी क्लासला जाताना तुमच्या दुकानातून रोज बाटली घेतो. आणि तो काही एकटा नाही.

भाऊजी : पोरं रात्रभर मोबाइल बघतात, अन् नाव माझ्या बाटलीचं?

वहिनी : मोबाइलचा दोष आहेच, तो मी नाकारत नाही. पण ही बाटली हातात घ्या आणि मागचं लेबल वाचा.

भाऊजी : अक्षर मुंगीएवढं, त्यात इंग्रजी.

वहिनी : मग मी सांगते. ‘लहान मुलं, गरोदर व स्तनदा माता यांच्यासाठी शिफारस नाही.’ हे मी म्हणत नाही, कंपनीनंच छापलंय. अन्नसुरक्षेच्या कायद्यानं तिला ते छापावंच लागतं. म्हणजे हे पेय मुलांसाठी नाही हे बनवणाऱ्याला ठाऊक आहे, सरकारला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त पिणाऱ्या पोराला.

भाऊजी : अहो, पण विकायला परवानगी आहे ना? सप्टेंबर 2025 पासून त्यावर चाळीस टक्के जीएसटी आहे. सरकार चाळीस टक्के घेतं, कंपनी फ्रीज फुकट ठेवून जाते, सेल्समन दर आठवड्याला स्कीम घेऊन येतो. या सगळ्या साखळीत गुन्हेगार कोण, तर शेवटचा दुकानदार! मी नाही विकली तर पोरगं चौकातल्या टपरीवर जाईल. पाचशे मीटरची रेघ मारली तर पाचशे एकाव्या मीटरवर नवं दुकान उघडेल.

वहिनी : उघडू दे. पोराला तेवढं चालत जावं लागलं तरी दहातली चार जाणार नाहीत. समोर दिसतं म्हणून घेतलं जातं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. गोळ्या-बिस्किटं पोरांच्या नजरेच्या उंचीवर कोण मांडतं?

भाऊजी : बरं, ते राहू द्या. त्या बाटलीत असं आहे तरी काय? चहातही कॅफिन असतंच की.

वहिनी : असतं. आता हिशोब करू. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन चालतं. बाटली पाव लिटरची. वरच्या मर्यादेचं पेय असेल तर एका बाटलीत 75 मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2015 मध्ये मुलांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे 3 मिलिग्रॅमचा धोक्याबाहेरचा आकडा सुचवला. सहावीतलं पोर तीस किलोचं धरा. त्याचे झाले नव्वद.

भाऊजी : म्हणजे एक बाटली बसते की त्यात!

वहिनी : बसते, पण मग सकाळ-संध्याकाळचा चहा त्यात बसत नाही, कोला बसत नाही, चॉकलेट बसत नाही. शिवाय तो आकडा एकूण तब्येतीच्या धोक्याचा आहे, झोपेचा नाही. झोप बिघडायला त्याच्या निम्म्याहून कमी कॅफिनही पुरतं, असं त्याच अहवालात म्हटलंय. पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला प्यायलेल्या बाटलीतलं अर्धं कॅफिन रात्री अकराला रक्तात असतं. आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं, 2019 मध्येच सांगितलंय की मुलांनी आणि किशोरांनी ही पेयं मुळीच घेऊ नयेत. थोडी घ्या, असंही नाही.

भाऊजी : मानलं. पण त्याच संघटनेनं चहाबद्दल काय सांगितलंय, ते सांगा ना. की तिथं आपलं घर येतं म्हणून गप्प?

वहिनी : सांगते. पाच वर्षांच्या आत चहा-कॉफी नको. पाच ते नऊपर्यंत दिवसाला अर्धा कप. दहा ते अठरापर्यंत एक कप, तोही दुसरं काही कॅफिनचं घेत नसेल तर.

भाऊजी : आता माझा हिशोब ऐका. आपल्या घरात सकाळी सहाला चहा-चपाती, शाळेतून आल्यावर चहा-खारी, पाहुणा आला की तिसरा कप. दरेक कपात दोन चमचे साखर. दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम साखर तर चहानंच गेली. कोलाच्या पाव लिटर बाटलीतही तेवढीच असते. आमच्या बाटलीवर निदान लेबल असतं, तुमच्या चहाच्या पातेल्याला तेही नसतं. दोन वर्षांच्या लेकराला बशीत चहा ओतून बिस्किट बुडवून देणारी आपलीच माणसं. ते लेकरू दहा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या जिभेला गोड अन् तरतरी दोन्हींची सवय झालेली असते. मग ते माझ्या दुकानात येतं. सुरुवात माझ्या दुकानात होत नाही, वहिनी. घरात होते.

वहिनी : हा मुद्दा खरा आहे, आणि तो कोणी मांडत नाही म्हणून मी तुमचं ऐकते आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण 25 ग्रॅम, मुलांना त्याहून कमी. आपल्या मुलांची ती मर्यादा चहातच संपते. आणि चहाचा दुसरा तोटा साखरेपेक्षा मोठा आहे. दर सोमवारी मी वर्गात लोहाच्या गोळ्या वाटते. दहा वर्षांपुढच्या मुलामुलींना निळी गोळी, लहानांना गुलाबी. चहातली टॅनिनं अन्नातलं लोह धरून ठेवतात, ते अंगी लागू देत नाहीत. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहारसूचनांमध्ये जेवणाआधी तासभर आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, असं लिहिलंय. आपल्याकडे चपातीच चहात बुडवून खातात. भाकरी-भाजीतलं लोह तसंच बाहेर पडतं.

भाऊजी : तेच म्हणतो मी.

वहिनी : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 मध्ये, महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. तीनातली दोन! त्याला कारणं पुष्कळ आहेत, सगळं खापर चहावर फोडणं बरोबर नाही. पण ज्या लेकरांच्या अंगात रक्त कमी, त्यांच्याच बशीत आपण चहा ओततो. तर चहा कमी व्हायलाच हवा. फक्त ‘चहा वाईट आहे, म्हणून बाटली चालते’ हा न्याय मला मान्य नाही. रक्तक्षयी पोर आधीच दमलेलं असतं. त्याला पोषण हवं असतं आणि बाटली त्याला तरतरी विकते. थकवा जात नाही, तो जाणवेनासा होतो. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली.

भाऊजी : मग प्यायचं काय पोरांनी? दूध म्हणाल, तर दुधाचं अर्थकारण मला विचारा. गोळी पेंड, वैरण, डॉक्टर यांचा खर्च वजा जाता हातात काय राहतं ते दुधाच्या पगाराच्या दिवशी कळतं. फॅट आणि एसएनएफ जरा खाली आलं की दर कापला. आपल्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे शेतकरी 1 जून 2017 ला संपावर गेले, राज्यभर रस्त्यावर दूध ओतलं गेलं, ते काय हौस म्हणून? घरात एक लिटर ठेवलं की तेवढा पगार कमी. म्हणून घरोघरी दूध कॅनमध्ये जातं अन् चहापुरतं मागे राहतं.

वहिनी : हेच मला बोलायचंय. डेअरीचा दर लिटरला तीस-पस्तीस रुपये धरा. अर्धा लिटर दुधाचे किती झाले?

भाऊजी : पंधरा ते सतरा.

वहिनी : आणि बाटली?

भाऊजी : वीस.

वहिनी : अर्ध्या लिटर दुधात साधारण 600 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिनं आहेत. दहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला 850 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. म्हणजे दोनतृतीयांशाहून जास्त काम झालं. ते सतरा रुपयांचं दूध आपण विकतो आणि वीस रुपयांची बाटली घेतो. त्यात तीन रुपये वरून गेले आणि हाडांचं व्हायचं ते नुकसान झालंच. दूध परवडत नाही असं आपण म्हणतो. खरं तर बाटली परवडत नाही. एवढं मात्र खरं की दुधात लोह जवळजवळ नसतं. नुसत्या दुधावर पोर वाढत नाही, पालेभाजी-डाळ-अंडं लागतंच.

भाऊजी : (थांबून) हा हिशोब मी केला नव्हता. पण वहिनी, हा गायवाल्याचा हिशोब झाला. ज्याच्या दारात गाय नाही त्याचं काय? पाथर्डी, शेवगाव, जामखेडची माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पालावर पहाटे तीन वाजता चूल पेटते अन् लेकराच्या हातात कोरा चहा येतो, कारण त्यानं भूक मरते. त्याला दुकानात दूध विकत घ्यायचं तर लिटरला साठ रुपये मोजावे लागतात. त्याला काय सांगणार, दूध पी म्हणून?

वहिनी : नाही सांगणार. त्याला सांगून उपयोग नाही, त्याला द्यावं लागेल. शेजारच्या कर्नाटकानं 2013 मध्ये ‘क्षीरभाग्य’ योजना काढली, शाळेत मुलांना दूध सुरू केलं. तिथं दूध संघाकडची जादा भुकटी मुलांच्या पेल्यात आली. आपल्या जिल्ह्यात दूध जास्त झालं म्हणून दर पडतो आणि शाळेत मात्र दूध नाही. ऊस तोडणाऱ्याच्या घामातून साखर होते. तीच साखर बाटलीतून त्याच्या पोराला मिळते, दूध मिळत नाही. यावर आपण दोघांनी मिळून भांडायला हवं.

भाऊजी : आता मीही स्पष्ट बोलतो. पोरं माझ्या दुकानात येतात त्याचं एक कारण शाळेतच आहे. शाळेच्या टाकीचं पाणी प्यायला पोरं तयार नसतात. मधल्या सुट्टीत माझ्याकडं पहिलं मागणं पाण्याचं असतं. मी पाणी देतो, पण तिथं फ्रीज समोरच दिसतो. अन् मुली तर पाणीच पीत नाहीत.

वहिनी : मुलींचं मला माहीत आहे. स्वच्छतागृहाची कडी तुटलेली असते, आत पाणी नसतं. म्हणून त्या सकाळपासून घोटभरही पाणी घेत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. पुढे लघवीचा जंतुसंसर्ग होतो, तो लाजेपायी कोणाला सांगत नाहीत. मुलं काय पितात यावर आपण इतका वेळ बोलतोय. मुली काहीच का पीत नाहीत, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. केरळात 2019 पासून शाळांत पाण्याची घंटा वाजते. घंटा झाली की सगळ्यांनी पाणी प्यायचं. घंटा आपणही वाजवू शकतो. पण आधी टाकी धुतलेली हवी आणि दाराला कडी हवी.

भाऊजी : ते झालं तर माझ्या गल्ल्यात कमी पडेल, पण त्याचं मला वाईट वाटणार नाही. बरं, रसवंतीचं काय? गावच्या जत्रेत मीच घुंगरांची रसवंती लावतो. ते तर आपलं देशी, अस्सल.

वहिनी : देशी असलं तरी एका पेल्यात पंचवीस-तीस ग्रॅम साखर असतेच. कॅफिन नाही, हा फरक मोठा. जत्रेत, उन्हात एखादा पेला आनंदानं प्यावा. पण पाण्याऐवजी रोज रस, असं नको. आणि आणखी एक गोष्ट तुमच्या फ्रीजमध्ये आहे. जुलाब झाले की बाया पोराला गोड फळपेयाचा खोका नेतात, ‘ओआरएस’ समजून. जागतिक आरोग्य संघटनेच्या खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला फक्त साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि मिठाचं प्रमाण ठरलेलं असतं. गोड पेयात साखर त्याच्या कितीतरी पट. तिच्यामुळे आतड्यात आणखी पाणी ओढलं जातं, जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष आठ वर्षं याच्याविरुद्ध लढल्या, तेव्हा ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं असल्या पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला मनाई केली.

भाऊजी : हे मला नव्हतं माहीत. जुलाब झालेल्या पोराला मीच खोका काढून दिलाय कितीदा. आता पुडीच ठेवतो. पण बाटलीचं म्हणाल, तर मी एकट्यानं का बंद करावी? मी केली अन् शेजारच्यानं नाही केली, तर पोरं वाचणार नाहीत, नुसता माझा धंदा बसेल.

वहिनी : म्हणूनच मला कायदा हवाय. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांत शाळेच्या दारापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायला आधीच मनाई आहे. पोलंडनं 1 जानेवारी 2024 पासून अठरा वर्षांखालच्यांना अशी पेयं विकायचीच बंद केली. तिथं दुकानदाराला वय विचारावं लागतं.

भाऊजी : पोलंड सोडा. मीटर मोजायला कोण येणार इथं? मला कायद्यापेक्षा ग्रामसभेवर भरवसा. आपल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारेंच्या पुढाकारानं दारूच्या भट्ट्या गावानंच बंद केल्या. हिवरे बाजारनं नशाबंदी गावाच्या नियमांत घातली अन् पाळली. ग्रामसभेनं ठराव करावा, गणवेशातल्या पोराला कोणीच बाटली विकायची नाही. सगळ्या दुकानांना सारखा नियम. मी पहिली सही करतो. पण त्याच ठरावात लिहा की शाळेची टाकी दर महिन्याला धुतली जाईल. अन् अंगणवाडीतल्या लेकराला चहा देणार नाही, असं घराघरानं कबूल करावं. दुकानदाराला एक न्याय अन् आईबापाला दुसरा, हे चालणार नाही.

वहिनी : घराघरावर ठराव कसा लागू करणार?

भाऊजी : लागू नाही करता येणार. पण गावासमोर हात वर केला की माणसाला त्याची लाज राहते.

वहिनी : लाजेवर माझा भरवसा कमी आहे. ठरावाला कायद्याचा आधार नसेल तर वर्षभरात फ्रीज पुन्हा भरेल. मला दोन्ही हवंय.

इथे दोघांचं एकमत होत नाही, आणि ओढूनताणून ते करण्याचं कारणही नाही. कायदा आधी की गाव आधी, हा वाद या जिल्ह्यात दारूच्या बाबतीत झाला आणि दोन्ही बाजूंना त्यात अनुभवाचा आधार आहे. माझं स्वतःचं मत वहिनींकडे झुकतं. ज्या पेयावर ‘मुलांसाठी नाही’ असं छापावं लागतं, ते शाळेसमोर मुलांना विकलं जाणं हा पालकांच्या संस्कारांचा किंवा मुलांच्या मनोनिग्रहाचा प्रश्न असूच शकत नाही. बारा वर्षांच्या मुलाकडून आपण तो निग्रह मागतो, आणि कोट्यवधींची जाहिरात त्याच्यासमोर उभी करतो. सभागृहात दिलेला 500 मीटरचा शब्द प्रत्येक तालुक्यात पाळला जायला हवा.

पण भाऊजींनी जे तीन प्रश्न विचारले त्यांची उत्तरं कुठल्याही बंदीत नाहीत. घरातला चहा, शाळेतलं पाणी आणि कॅनमधलं दूध ही तिन्ही आपल्या हातातली आहेत. बाटली उद्या बंद झाली तरी मूल तहानलेलंच राहणार असेल, तर ते दुसरी बाटली शोधेल. म्हणून येत्या ग्रामसभेत दुकानांचा ठराव मांडताना त्याच कागदावर शाळेची टाकी, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आणि शाळेत दुधाची मागणी लिहिली जावी. ज्यांच्या दारात गाय आहे त्यांना तर ग्रामसभेची वाट पाहायचीही गरज नाही. संध्याकाळचं दूध डेअरीला निघण्याआधी त्यातलं अर्धा लिटर घरच्या लेकरासाठी काढून ठेवावं. त्याची किंमत त्या लाल बाटलीपेक्षा कमी आहे.